बावीस दिवसांची साखळी आणि पोराच्या मानेखाली अडकलेला हात

पत्र, थोडक्यात:
मी ३२ वर्षांची आहे. बदलापूरला राहते, दादरच्या एका बँक शाखेत काउंटरला बसते. जेएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेचे दोन पेपर सुटले, अकाउंटिंग आणि इंडियन इकॉनॉमी राहिलेत. मागच्या खेपेला ४३ आणि ४६ पडले. यंदा पाडव्याला नऊ संकल्प केले: जेएआयआयबी, पाचला उठणं, बारा सूर्यनमस्कार, साखर बंद, तीन लिटर पाणी, दहा हजार पावलं, महिन्याला दोन पुस्तकं, एसआयपी (दरमहा ठरावीक गुंतवणूक) आणि इंग्रजी बोलण्याचा सराव. त्यासाठी एक हॅबिट ट्रॅकर, म्हणजे सवयींची रोजची नोंद ठेवणारं अ‍ॅप पैसे भरून घेतलं. २२ दिवस सगळ्या चौकटी हिरव्या होत्या. तेविसाव्या दिवशी मुलाला ताप आला आणि साखळी तुटली. त्यानंतर ते अ‍ॅप उघडलंच नाही. फोन मात्र रोज ४ तास ५० मिनिटं हातात असतो. मुलगा चार वर्षांचा आहे. त्याला साडेनऊला थोपटायला घेते तेव्हा दुसऱ्या हातात फोन असतो, आणि मग साडेअकरा वाजतात. परीक्षेला १४ आठवडे आहेत. मी आळशी आहे का? स्मार्टफोन विकून बटणांचा साधा फोन घेऊ का? नवरा म्हणतो, "फेकून दे तो फोन."
– अ. क., बदलापूर

उत्तर:

सकाळी सात वीसला घर सोडून संध्याकाळी पावणेआठला परत येणाऱ्या, त्यानंतर स्वयंपाक करून पोराला झोपवणाऱ्या बाईने स्वतःला आळशी म्हणावं, हे जरा अतीच झालं. तो शब्द बाजूला ठेवू. त्याने काही कळतही नाही आणि काही सुटतही नाही.

पत्रासोबत तुम्ही फोनचा आठवडाभराचा हिशोब पाठवलात, ते बरं केलंत. त्याची फोड अशी: लोकलमध्ये जाता-येता मिळून १ तास ४० मिनिटं, रात्री १ तास ५० मिनिटं, दुपारी डबा खाताना २५ मिनिटं, आणि उरलेली ५५ मिनिटं सुटी, म्हणजे पाच-पाच, दहा-दहा मिनिटांची. ४ तास ५० मिनिटं हा आकडा बघून माणूस घाबरतो आणि सगळीकडे एकदम लढायला जातो. लोकलमधल्या शंभर मिनिटांना आम्ही हात लावणार नाही. गर्दीत एका हाताने कडी धरून उभं असताना कोणी जमाखर्चाची गणितं सोडवत नाही. रील बघा, गाणी ऐका, डुलकी काढा. आपल्याला हवीत ती रात्रीची एकशेदहा मिनिटं, तीही सगळी नकोत.

आधी संकल्पांचं बघू. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तुमचे बावीस टिकले. वाईट नाही. पण त्या नऊ गोष्टी एका जातीच्या नाहीत, आणि अ‍ॅपने त्यांना एकसारख्या चौकटी दिल्या, तिथे पहिली गडबड झाली. एसआयपी ही रोजची सवय नव्हे, ते एकदाचं काम आहे. दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी तुमची बँक बंद असते, तेव्हा अर्धा तास काढून ऑटो-डेबिटची परवानगी देऊन टाका आणि यादीतून खोडा. पाणी तहानेवर सोडा. दहा हजार पावलांचा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या विक्रीसाठी निघाला होता. दादर स्टेशनचे जिने रोज दोनदा चढणाऱ्यांनी त्याची वेगळी चौकट ठेवायची गरज नाही. साडेअकराला झोपून पाचला उठणं म्हणजे साडेपाच तासांची झोप. हा संकल्प तर रद्दच करा, तो बाकीच्या आठांच्या मुळावर उठलेला आहे. सूर्यनमस्कार, साखर, पुस्तकं आणि इंग्रजी परीक्षेनंतर. चौदा आठवडे फक्त जेएआयआयबी.

आता "जेएआयआयबी" असं नुसतं लिहिणं हेही ध्येय नव्हे, ते इच्छेचं नाव झालं. त्याची मिनिटं करू. प्रत्येक पेपर १०० प्रश्नांचा, दोन तासांचा, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. उत्तीर्ण व्हायला ५० गुण. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. तुम्हाला एका पेपरात सात गुण कमी पडले आणि दुसऱ्यात चार. ही दरी घोकंपट्टीने नाही, सरावाने भरते. (आधी सुटलेल्या दोन पेपरांचे गुण ठरावीक मुदतीपर्यंतच धरतात. तुमची मुदत कधी संपते ते परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नियमावलीत आजच बघून ठेवा.)

सोमवार ते शुक्रवार रोज ४५ मिनिटं आणि शनिवार-रविवार मिळून दोन तास, असे आठवड्याला ३४५ मिनिटं होतात. १४ आठवड्यांपैकी दोन आत्ताच खोडून टाका: एक गणपतीचा, एक दिवाळीचा किंवा पोराच्या तापाचा. हे दोन आठवडे वाया जाणार हे आधीच हिशोबात धरलं की ते वाया गेल्यावर हिशोब मोडत नाही. उरले १२ आठवडे, म्हणजे ६९ तास. त्यातले शेवटचे तीन आठवडे, सुमारे १७ तास, फक्त सराव चाचण्यांना. राहिले ५२ तास. दोन्ही पेपरांचे मिळून आठ मॉड्यूल, म्हणजे अभ्यासक्रमाचे भाग, आहेत, म्हणजे प्रत्येकाला साडेसहा तास. वहीच्या पहिल्या पानावर एवढंच लिहा: "एक मॉड्यूल, साडेसहा तास." एखाद्या मॉड्यूलला नऊ तास लागले तर ते अडीच तास कुठून काढायचे ते त्याच आठवड्यात ठरवा, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

ती ४५ मिनिटं येणार कुठून, हा खरा प्रश्न. तुमच्या पत्रातलं एकच वाक्य आम्ही पुन्हा पुन्हा वाचलं. अंधारी खोली, एक हात पोराच्या मानेखाली अडकलेला, दुसऱ्या हातात फोन. पोरगं पावणेदहाला झोपतं, पण हात काढला तर उठेल म्हणून "अजून पाच मिनिटं". तेवढ्यात पुढचं रील सुरू झालेलं असतं, कारण त्या पडद्याला तळ नाही. वर्तमानपत्राचं पान संपतं, मालिकेचा भाग संपतो, तिथे उठायला निमित्त मिळतं. इथे निमित्त मिळू नये अशीच रचना आहे, आणि बऱ्याच कंटाळवाण्या चित्रफितींमध्ये मध्येच एक भन्नाट येते, म्हणून अंगठा थांबत नाही. दिवसभर लोकांच्या रांगा उरकून आलेल्या माणसाने रात्री पावणेदहाला निव्वळ निर्धाराच्या जोरावर यातून उठावं, ही अपेक्षाच चुकीची.

म्हणून फोन त्या खोलीत येताच कामा नये. चार्जर आजपासून स्वयंपाकघरात, मिक्सरच्या प्लगपाशी. पोराला घेऊन खोलीत जायच्या आधी फोन तिथे लावायचा आणि सकाळी चहा टाकताना उचलायचा. गजरासाठी फोन जवळ लागतो, ही सबब सगळेच सांगतात. गजराचं साधं घड्याळ आणा. ज्या दिवशी घड्याळ घरात येईल त्याच दिवशी चार्जर हलवा, नाहीतर घड्याळ डब्यात राहतं आणि फोन उशाशी.

यात दोन गोष्टी हमखास फसतात. एक, फोन नसल्यामुळे तुम्हीच पोराबरोबर झोपून जाल. पहिल्या आठवड्यात हे होणारच, कारण तुमच्या झोपेची थकबाकी साठली आहे. त्यावर उपाय आडवं न होण्याचा. भिंतीला टेकून बसून गोष्ट सांगा, थोपटा, पण उशीवर डोकं टेकू नका. दुसरी, रात्री फोन आला तर? साताऱ्याला आई एकटी असते असं तुम्ही लिहिलंय. फोनमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' रात्री साडेनऊ ते सकाळी पावणेसहा असं आपोआप चालू होईलसं लावा. त्यातच तारांकित नंबरांना मुभा देता येते. आई, नवरा, भाऊ एवढेच तारांकित करा. पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा आलेला फोन वाजू द्यायचा, अशीही सोय तिथे असते, ती चालू ठेवा. रिंगचा आवाज मोठा ठेवा म्हणजे स्वयंपाकघरातून ऐकू येईल.

मग पोरगं झोपल्यावर काय करायचं, हे शब्दांत ठरलेलं असावं लागतं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने "जर असं झालं, तर मी तसं करीन" अशा नेमक्या ठरावांवर बराच अभ्यास केला आहे. "मी अभ्यास करीन" यापेक्षा वेळ-जागा बांधलेला ठराव जास्त वेळा पार पडतो. तुमचा असा असू द्या: पोरगं झोपलं की मी ग्लासभर पाणी पिईन, जेवणाच्या टेबलावरचा दिवा लावीन आणि वहीतला कालचा शेवटचा प्रश्न पुन्हा सोडवीन. वही, पेन आणि कॅल्क्युलेटर जेवणं झाल्याबरोबर टेबलावर मांडून ठेवायचे. कॅल्क्युलेटर टेबलावरचाच, फोनमधला नाही. त्या एका बेरजेसाठी फोन आणला की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

साडेदहाला वही बंद, पावणेअकराला अंथरूण. पावणेसहाला उठायचं म्हटलं तरी सात तास झोप होते, आत्तापेक्षा पाऊण तास जास्त. अभ्यासाचा पाऊण तास आणि झोपेचा पाऊण तास, दोन्ही त्याच एकशेदहा मिनिटांतून निघाले.

आता नवऱ्याबद्दल. तुमच्या चार पानी पत्रात त्यांचा उल्लेख एकदाच आहे आणि तोही सल्ला देताना. फोन फेकायला सांगणाऱ्या माणसाकडे एक नेमकं काम मागा: सोमवार, बुधवार, शुक्रवार मुलाला झोपवणं त्यांच्याकडे. "जरा मदत करा" असं म्हणू नका, त्याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. वार सांगा, वेळ सांगा. पहिले चार-पाच दिवस पोरगं "आईच पाहिजे" म्हणून रडेल. त्या वेळी तुम्ही उठून खोलीत गेलात तर ही व्यवस्था तिथेच संपली.

फोन विकायचा का? नाही. यूपीआय, ओटीपी, शाखेचा ग्रुप, बालवाडीचा ग्रुप सगळं त्यातच आहे. सिम काढून बटणांच्या फोनमध्ये टाकलंत की बहुतेक बँकांची अ‍ॅप्स पुन्हा पडताळणी मागत बसतात. आठ दिवसांत "फक्त पैसे पाठवण्यापुरता" म्हणून जुना फोन परत बाहेर येतो आणि मग घरात दोन फोन होतात.

त्यापेक्षा रविवारी दुपारी अर्धा तास काढून आहे त्या फोनची झाडलोट करा. रील्सचं अ‍ॅप काढून टाका. खातं बंद करायची गरज नाही. बघावंसं वाटलं तर ब्राउझरमधून, दर वेळी पासवर्ड टाकून बघा, आणि तो पासवर्ड जतन करू नका. लोकलमध्ये एवढा खटाटोप परवडतो, दोन बेरजांच्या मधे परवडत नाही, आणि सुटी पंचावन्न मिनिटं त्यातूनच आटतात. अ‍ॅपला वेळेची मर्यादा लावण्यावर मात्र फार विसंबू नका. फोनमधल्या 'डिजिटल वेलबीइंग' या वापराची वेळ मोजणाऱ्या सोयीत २० मिनिटांचा टायमर लावला तरी तो काढणं दोन-तीन टिचक्यांचं काम आहे, आणि मध्यरात्री तो नव्याने सुरू होतो. रात्री जागणाऱ्याला बारा वाजता नवी वीस मिनिटं मिळतात! आपण लावलेलं कुलूप आणि किल्ली एकाच खिशात असली की असंच व्हायचं.

फोनवर येणाऱ्या सूचनांसाठी (नोटिफिकेशन्स) वेगळं काही शोधायला नको. पुढचे दोन दिवस जी सूचना येईल ती दाबून धरा आणि तिथेच बंद करा. खरेदी, खाणं, बातम्या, व्हिडिओ, खेळ, सगळं बंद. फोन, एसएमएस आणि बँकेची अ‍ॅप्स चालू. व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. २०२१ पासून अर्काइव्हमधला ग्रुप नवा निरोप आला तरी वर उसळत नाही. तुमचं नाव घेऊन कोणी काही लिहिलं तर मात्र कळतं, त्यामुळे शाखेत काही अडणार नाही. बालवाडीचा ग्रुप तेवढा बाहेर ठेवा. पडदा काळा-पांढरा करण्याची युक्ती अनेक जण सुचवतात. काहींना उपयोग होतो, पण मुलाचे फोटो बघताना चिडचिड होते आणि तिसऱ्या दिवशी रंग परत येतात. नाही केलंत तरी चालेल.

यूट्यूबवर जेएआयआयबीची व्याख्यानं बघता, हे अभ्यासात धरता का? आम्ही अर्धंच धरू. पाहण्याची नोंद बंद करून जुनी पुसून टाकली तर मुखपृष्ठावर शिफारशींची रांगच लागत नाही, २०२३ पासून तशी सोय आहे. मग नाव टाकून शोधलेलं तेवढंच समोर येतं. तरीही व्याख्यान बघणं आणि प्रश्न सुटणं यात फरक आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात असं दिसलं, की तोच मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्यानंतर स्वतःची चाचणी घेणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना "हे मला येतं" असं वाटत राहतं, तिथेच घात होतो. ४३ गुण पडण्याचं कारणही बहुधा तेच.

म्हणून ४५ मिनिटांची वाटणी अशी करा: पहिली दहा मिनिटं पुस्तक मिटून कालचं आठवून लिहायचं, पुढची पंधरा नवं वाचायचं, शेवटची वीस प्रश्न. घसाऱ्याचंच घ्या, म्हणजे वापराने वस्तूची किंमत दरवर्षी घटते त्याचा हिशोब. एक लाखाचं यंत्र, दर १० टक्के, तीन वर्षांनी पुस्तकी किंमत किती? सरळ रेषा पद्धतीने ७०,०००. घटत्या शिल्लक पद्धतीने ९०,०००, मग ८१,०००, मग ७२,९००. हे वाचताना सोपं वाटतं. कोऱ्या कागदावर सोडवताना दुसऱ्या वर्षीचे १० टक्के मूळ किमतीवर काढायचे की उरलेल्या किमतीवर, तिथे हात थबकतो. तो जिथे थबकला ते एका कार्डावर लिहा, पुढे प्रश्न, मागे उत्तर. अशी दहा-बारा कार्डं पर्समध्ये ठेवा. सकाळी लोकलमध्ये बसायला मिळालं तर काढा, नाही मिळालं तर राहू द्या.

आता ती तुटलेली साखळी. सवय २१ दिवसांत लागते हे जे सांगतात, त्याचं मूळ १९६० मधल्या एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तेवढे दिवस जातात, असं ते होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात साधारण ६६ दिवस निघाले, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. त्यात तुमच्या कामाची गोष्ट अशी, की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. अ‍ॅपने मात्र तापाच्या एका रात्रीसाठी बावीसचा आकडा शून्यावर आणला. शून्य दिसलं की मन म्हणतं, मोडलंच आहे, आता कशाला.

तेव्हा साखळी नको, आठवड्याचा कोटा ठेवा. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय असेलच, दुधाचे खाडे आणि गॅस लावल्याची तारीख जिथे लिहिता तिथेच त्या दिवसाची मिनिटं पेन्सिलीने लिहा. बरोबरची खूण करू नका, आकडाच लिहा. खुणेला पाच मिनिटं आणि पंचेचाळीस मिनिटं सारखीच. आठवड्याला ३४५ झाली तर उत्तम, २५० झाली तरी तो आठवडा पास. अगदीच गळून गेलात त्या रात्री दहा मिनिटं, पाच प्रश्न, आणि झोपा. सलग दोन दिवस शून्य येऊ देऊ नका, एवढा एक नियम पाळा. ज्या आठवड्यात पोरगं आजारी आहे त्यात तोही नियम नाही. तो आठवडा आपण आधीच खोडून ठेवलाय.

रविवारी त्या ओळीची बेरीज करा. ज्या दिवशी शून्य आहे त्या दिवशी नेमकं काय झालं होतं ते आठवा. लोकल रखडली? पाहुणे होते? की फोन खोलीत आला होता? त्यावरून पुढच्या आठवड्यात एकच गोष्ट बदला. साधारण चौथ्या आठवड्यात तुम्हाला नवी वही, नवं वेळापत्रक किंवा दुसरं एखादं अ‍ॅप घ्यावंसं वाटेल. ती इच्छा आली की समजा, अकाउंटिंगमधलं काहीतरी अवघड समोर आलंय आणि मन पळवाट शोधतंय. वही तीच राहू द्या.

शाखेत सगळ्यांना "या वेळी काढतेच" असं सांगू नका. सांगितल्यानेच निम्मं केल्यासारखं वाटू लागतं. शाखेत आणखी कोणी हे पेपर देत असेल तर तिला फक्त रविवारची बेरीज कळवा, तिने तिची कळवावी. त्यावर चर्चा नको.

ता. क. – हॅबिट ट्रॅकरचे पैसे वर्षाचे भरले असतील तर अ‍ॅप नुसतं काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, पुढच्या वर्षी ती पुन्हा कापली जाते. प्ले स्टोअरमध्ये उजवीकडे वर आपल्या फोटोवर टिचकी मारा, पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन तिथून ती रद्द करा, आणि यूपीआयवरून भरली असेल तर ज्या अ‍ॅपमधून भरलीत त्यातल्या ऑटोपेच्या यादीतही एकदा बघा.